कोकणात होमस्टे किंवा छोटं रिसॉर्ट काढताय? चिरा उतरवण्याआधी जमिनीचे कागद असे तपासा

किनाऱ्यालगत गावी वडिलोपार्जित जागा आहे, मुंबईहून परतायचा विचार आहे, चार खोल्या बांधून पर्यटकांना द्याव्यात असं मनात आहे. अशा लोकांसाठी हा लेख आहे. आमच्या मालवण तालुक्यातल्या जागेसाठी मी तलाठी कार्यालयापासून नगररचनेपर्यंत सगळी कार्यालयं पालथी घातली आहेत. तिथे बाकावर शेजारी बसलेली बहुतेक माणसं एकाच गोंधळात सापडलेली दिसली. हातात एक परवानगी असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या आल्या असं त्यांनी धरलेलं असतं.

प्रत्यक्षात जमिनीबद्दल तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते तीन वेगळ्या कायद्यांखाली विचारले जातात. जमीन कोणाची आहे आणि ती शेतीची की बिनशेती, हे महसूल खातं १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे पाहतं. त्या जागेवर काय बांधता येईल, हे नगररचना खातं प्रादेशिक आराखड्यावरून सांगतं. समुद्र, खाडी आणि जंगल यांच्या किती जवळ जाता येईल, हे पर्यावरणाचे नियम ठरवतात. एका कार्यालयाने होकार दिला म्हणून दुसऱ्याला तो बांधील नसतो. पर्यटन खात्याची नोंदणी या तिन्हींच्या नंतर येते. खाली दिलेला क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. तो उलटा केलात तर पैसे आधी जातात आणि नकार नंतर येतो.

१. नेमकं काय काढायचं ते आधी ठरवा

“पर्यटकांची सोय करायची आहे” एवढं मोघम सांगून कुठल्याही टेबलावर काम पुढे सरकत नाही. राहत्या घरातल्या दोन-तीन खोल्या देणं म्हणजे होमस्टे किंवा निवास-न्याहारी. यात मालकाचं कुटुंब तिथेच राहणं अपेक्षित असतं. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्या चालतात. शेती चालू ठेवून तिच्याच आधाराने पाहुणे ठेवायचे असतील तर ते कृषी पर्यटन झालं. त्यासाठी राज्याचं २०२० चं धोरण आहे आणि वैयक्तिक शेतकऱ्याकडे किमान १ एकर जमीन लागते. लॉज, हॉटेल, रिसॉर्ट हा सरळ व्यापारी वापर आहे आणि त्याचे निकष सगळ्यात कडक आहेत.

माझं मत विचाराल तर जुनं घर शाबूत असेल तर पहिल्यांदा होमस्टेच करा. पडवी, लोटा (ओसरी), मांगर (बागेतली खोपी) दुरुस्त करून जेवढं होतं तेवढ्याने सुरुवात करा. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांतसुद्धा स्थानिकांना आपल्या जुन्या घरात होमस्टे चालवायला वाव ठेवला आहे. अट एवढीच की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. नवी इमारत उभी करण्यापेक्षा ही वाट पुष्कळ सोपी आहे, आणि पाहुण्यालाही तेच घर बघायचं असतं.

२. सातबारा “इतर हक्क”पर्यंत वाचा

नाव आणि क्षेत्र बघून लोक सातबाऱ्याची घडी घालतात. खरी मेख पुढे असते.

आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग २ असेल तर विक्री, हस्तांतर किंवा वापरातला बदल यांवर सरकारी अटी आहेत आणि त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. इतर हक्कांत “कुळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र” असा शेरा असेल, तर कुळाला जमीन मिळून १० वर्षं झालेली आहेत का ते तपासा. तेवढा काळ उलटला असेल तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून ते बंधन सुटू शकतं. सिंधुदुर्गात यापलीकडे आणखी काही शेरे भेटतात: आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन), देवस्थान इनाम (देवळाला दिलेली जमीन), वनसंज्ञा (वन म्हणून नोंदलेली जमीन). आंबोली, चौकुळ, गेळे या भागात कबुलायतदार गावकरांच्या, म्हणजे गावाने करारावर सामाईक धरलेल्या, जमिनींचा प्रश्न आहे. यातला कोणताही शेरा दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही टोकन देऊ नका.

कोकणातली सगळ्यात मोठी अडचण मात्र सामाईक सातबारा हीच. आजोबांच्या पिढीतली नावं अजून तशीच असतात. त्यातले अर्धे हयात नाहीत, काही मुंबईत, काही बडोद्याला. तुम्ही कसत आहात, घरपट्टी तुम्ही भरता, म्हणून जागा तुमच्या एकट्याची होत नाही. पुढच्या प्रत्येक अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. त्यामुळे आधी वारस नोंदी करून घ्या, मग वाटप किंवा हक्कसोड करा. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन घरात ठेवलेला कागद कामाचा नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या यांचा हक्क आहे, त्यांना शेवटी सही मागायला जाऊ नका. पहिल्या दिवशी सांगा, घरी जाऊन सांगा. किती काम अडतं आणि किती सुटतं ते इथेच ठरतं.

जागा विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मध्ये ते आहे. दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा व्यवहारात चालत नाही ते) कमी होऊन जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. समुद्राजवळ “तीन गुंठ्यांचे बंगलो प्लॉट” म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा मंजूर रेखांकन नसतंच. सातबाऱ्यावर तुमचं नाव दहा-वीस अनोळखी माणसांबरोबर सामाईकात लागतं, आणि मघाशी सांगितलेली अडचण तुम्ही पैसे मोजून विकत घेता.

३. मोजणी करून घ्या

गडगा (दगडी कुंपण) कुठे आहे यावर हद्द ठरवू नका. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि “क” प्रत, म्हणजे मोजणी नकाशा, घ्या. पावसाळ्यात मोजणी रखडते, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज टाकलेला बरा. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना, याची खात्री करा. पुढे झोन दाखला आणि भरतीरेषेचा नकाशा दोन्ही याच मोजणी नकाशावर बसवले जातात. म्हणून इथे आळस केलात तर पुढचं सगळंच डळमळीत होतं.

४. झोन दाखला आणि भाग नकाशा

नगररचना कार्यालयात गट नंबर, सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून झोन दाखल्याचा अर्ज करा. सोबत भाग नकाशाही मागा. दाखल्यावर एका ओळीत विभाग लिहिलेला असतो: रहिवास, वाणिज्य, शेती, ना-विकास, हरित, किंवा एखादं आरक्षण. नकाशावर मात्र एकाच गटाचे दोन तुकडे दोन विभागांत पडलेले दिसू शकतात, मधूनच आखलेला रस्ता गेलेला दिसू शकतो. त्या ओळीवर समाधान मानू नका, नकाशा बघा.

शेती विभाग लिहून आलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. २ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागातही शेतघर, पर्यटनाशी संबंधित बांधकाम अशा काही वापरांना अटींसह जागा आहे. पोचरस्त्याची रुंदी, किमान क्षेत्र आणि किती चटईक्षेत्र (भूखंडाच्या प्रमाणात बांधकामाचं क्षेत्र) मिळेल या त्या अटी. तिथल्या अधिकाऱ्याला “बांधता येईल का?” असा प्रश्न विचारलात तर उत्तर गोल मिळतं. “या विभागात पर्यटक निवास कोणत्या नियमाखाली, किती रुंदीच्या रस्त्यावर, किती चटईक्षेत्राने?” असं विचारा आणि नियम क्रमांक लिहून घ्या. कोकणात प्रस्ताव सर्वांत जास्त अडतो तो रस्त्यावर. वाडीतली पाखाडी किंवा वहिवाटीची वाट कागदावर रस्ता म्हणून दिसत नाही.

ही नियमावली सगळीकडे लागू नाही. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), लोणावळा, हिल स्टेशन नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं तिच्यातून वगळलेली आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून आणि माथेरानला २००३ पासून स्वतंत्र अधिसूचना आहे. त्या भागातल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव इकडे लावू नका आणि इकडचा तिकडे नेऊ नका. गोव्याचंही तेच. तिथले विभाग वेगळे, सनदेची (बिनशेती वापराच्या दाखल्याची) पद्धत वेगळी, आणि पाहुणे ठेवायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. हद्दीवरचं सातार्डा ओलांडलं की नियम बदलले.

आणखी एक प्रश्न याच टेबलावर विचारून घ्या: माझ्या गावासाठी आज नियोजन प्राधिकरण कोण? मार्च २०२४ मध्ये सरकारने कोकण किनारपट्टीच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना काढली. असे निर्णय बदलत राहतात. ज्याच्याकडे अधिकारच नाही अशा कार्यालयात फाईल सहा महिने पडून राहण्यापेक्षा, हे लेखी विचारून घेतलेलं चांगलं.

५. भरतीरेषा: इथे घाई करू नका

किनाऱ्यावरच्या माणसाचा निम्मा प्रकल्प या एका रेषेवर ठरतो. ही रेषा म्हणजे पाण्याची आज दिसणारी कड नव्हे. ती मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात आखलेली उच्चतम भरतीरेषा असते आणि तिथूनच सगळी अंतरं मोजतात. ओहोटीला वाळूवर उभं राहून टेप लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं अंतर दर वेळी सोयीचंच येतं.

ग्रामीण किनारा बहुतेक सीआरझेड-३ मध्ये येतो. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत नियमन असतं. २०११ च्या अधिसूचनेत पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र होतं. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने सीआरझेड-३ चे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावांत ही मर्यादा ५० मीटरवर आली. बाकीच्या गावांत ती २०० मीटरच राहिली. “आता ५० मीटर झालं” हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दलालाकडून ऐकायला मिळेल. आपल्याकडच्या विरळ वस्तीच्या गावांपैकी बहुतेकांना ते लागू होत नाही. शिवाय २०१९ चे नियम त्याप्रमाणे तयार झालेला आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात. म्हणून जिल्ह्याचा चालू आराखडा कोणत्या अधिसूचनेचा, हे आधी विचारा.

खाडीची गोष्ट वेगळी आणि तिथेच लोक फसतात. भरतीचं पाणी जिथवर आत येतं तिथवर हे नियम येतात. पाण्यातला खारेपणा उन्हाळ्याच्या अगदी कोरड्या दिवसांत हजारात ५ भागांपर्यंत कुठवर मिळतो, त्यावर ती हद्द ठरते. समुद्र दिसतही नाही अशा खाडीकाठच्या बागायतीला सीआरझेड लागू असू शकतं. तिथे २०१९ प्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते ना-विकास क्षेत्र. २०११ प्रमाणे हेच १०० मीटर होतं.

देवबागचं उदाहरण घ्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. जमिनीचा नकाशा पसरून समुद्राकडून २०० मीटरची रेघ मारली आणि खाडीकडून दुसरी रेघ मारली, तर पट्टीच्या अरुंद भागात दोन्ही रेघा एकमेकींवर चढतात आणि मोकळी जागा शिल्लकच राहत नाही. माडांच्या ओळी, विहीर, घराचं जोतं, सगळं रंगवलेल्या पट्ट्याखाली जातं. अशा जागेवर नव्या इमारतीचं स्वप्न बघण्यापेक्षा आहे त्या घराचा होमस्टे हाच मार्ग आहे, आणि तो कमी प्रतीचा अजिबात नाही.

तुमची जागा सीमेवर असेल तर भरतीरेषा तुमच्या मोजणी नकाशावर बसवून घ्यावी लागते. हे काम फक्त केंद्राने मान्य केलेल्या संस्थाच करू शकतात, उदाहरणार्थ गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली दूरसंवेदन संस्था. खाजगी आर्किटेक्टने संगणकावर काढलेली रेघ चालत नाही. मग प्रस्ताव नियोजन प्राधिकरणामार्फत महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो.

ना-विकास पट्ट्याच्या पलीकडे रिसॉर्ट बांधायचं असेल तर अधिसूचनेच्या परिशिष्टातल्या अटी पाठ करून ठेवा. भूखंड किमान ०.४ हेक्टर, चटईक्षेत्र ०.३३ पेक्षा जास्त नाही, उंची ९ मीटरपर्यंत, दोनच मजले. वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत. दोन रिसॉर्टांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला किमान २० मीटरची वाट सोडायची. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची) आणि गावाची वाट तुमच्या कुंपणाने बंद झाली, तर कागद कितीही बरोबर असले तरी गावात तुमचा धंदा टिकणार नाही.

भूजलाचंही विसरू नका. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत व्यापारी वापरासाठी बोअर मारता येत नाही.

“सगळेच करतात, नंतर नियमित होतं” असं कोणी सांगितलं तर दोन गोष्टी आठवा. मार्च २०१९ मध्ये अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. जानेवारी २०२० मध्ये केरळात मरडूचे राहते टॉवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जमीनदोस्त झाले. दोन्हीकडे मूळ मुद्दा किनारा नियमनाचाच होता.

६. जंगल आणि पश्चिम घाट

सातबाऱ्यावर वनाचा शेरा नसला तरी गट खाजगी वनात येतो का, हे वन विभागाकडून लेखी घ्या. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद जुन्या फेरफारात दडलेली असते.

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात दुसरी भीती पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेची. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तिचा सहावा मसुदा काढला. त्यात बंदी आहे ती खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामं यांवर. “आता गोठासुद्धा बांधता येणार नाही” ही गावात पसरवली जाणारी गोष्ट खोटी आहे. चार खोल्यांच्या घराला त्या मसुद्याची भीती नाही. डोंगर फोडणारा खाणवाला हलला तर तुमच्या विहिरीचं पाणीच वाचेल.

७. बिनशेती

शेतजमिनीचा वापर बदलायचा तर संहितेच्या कलम ४२ व ४४ प्रमाणे परवानगी लागत आली आहे. या कलमांत सरकारने गेल्या काही वर्षांत पुष्कळ सवलती घातल्या. कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी बिनशेती झाली असं मानलं जातं. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरायची, की सनद मिळते. सवलती अजून वाढत आहेत, म्हणून अर्ज करताना तहसील कार्यालयात चालू परिपत्रक मागा. पण “रहिवास” हा शब्द लक्षात ठेवा. रहिवासाच्या सनदेवर लॉज चालवलात तर तो अटीचा भंग होतो आणि कलम ४५ खाली दंडाची नोटीस येते.

इथला नेहमीचा सापळा तंबूचा. “पक्कं बांधकाम नाही, तंबू आहेत, कंटेनर आहे, परवानगी कशाला?” असं सर्रास सांगितलं जातं. कायदा वापर बघतो. शेतात पैसे घेऊन माणसं मुक्कामाला ठेवली, तर भिंत चिऱ्याची आहे की कापडाची, याने वापर बदलत नाही.

८. बांधकाम परवानगी

“ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे” हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. ना हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नाही. घरपट्टी लागली म्हणजेही बांधकाम कायदेशीर ठरत नाही, कारण पंचायत अनधिकृत घराचीही घरपट्टी घेते. ग्रामीण भागात सुमारे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर राहतं घर बांधायला सोपी वाट आहे, पण ती राहत्या घरासाठी. परवानगीशिवाय बांधलं तर नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस पाडकामाचीच असते.

फाईलला हे लागतं:

- तीन महिन्यांच्या आतला सातबारा, ८-अ आणि सगळे संबंधित फेरफार
- मोजणीची “क” प्रत
- झोन दाखला व भाग नकाशा
- सहहिस्सेदारांची नोटरी केलेली संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोड
- सनद किंवा आकारणी भरल्याची पावती
- किनाऱ्यालगत असाल तर भरतीरेषा बसवलेला नकाशा आणि किनारा प्राधिकरणाचं पत्र
- वन विभागाचं पत्र
- पोचरस्त्याचा पुरावा
- परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याचे नकाशे

नकाशात शोषखड्डा आणि विहीर यांच्यातलं अंतर आर्किटेक्टवर सोडू नका, स्वतः बघा. जांभ्यातून सांडपाणी फार लवकर झिरपतं. मे महिन्यात सगळ्या खोल्या भरलेल्या असताना त्याचा त्रास आधी शेजारच्या विहिरीला होतो.

९. शेवटी पर्यटन नोंदणी आणि बाकीचे परवाने

आता पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करा: निवास-न्याहारी, होमस्टे किंवा कृषी पर्यटन, जे पहिल्या पायरीवर ठरवलं असेल ते. महिलांच्या नावे उद्योग असेल तर २०२३ च्या “आई” धोरणातल्या सवलती विचारा. जेवण देणार असाल तर अन्न परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद, अग्निशमनाच्या सोयी, आणि उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटी. वीजजोडणी घरगुती ठेवायची की बदलायची, हे महावितरणला लेखी विचारा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती (सी फॉर्म म्हणतात ती) ऑनलाइन भरावी लागते. गोव्याहून आरवली, शिरोड्याकडे येणारे परदेशी पुष्कळ असतात, म्हणून त्याचं लॉगिन पाहुणा दारात उभा राहण्याआधी काढून ठेवा.

सगळ्या परवानग्यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये खोल्यांच्या जागीच ठेवा, मूळ प्रती घरी. तपासणीला येणारा माणूस आगाऊ कळवून येत नाही, आणि त्या वेळी बहुधा तुम्ही बाजारात मासे घ्यायला गेलेले असता. फाईल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला तरी माहीत हवं.